साकवावरून पलीकडे: शरदातल्या जपानी एकांतचित्रात शिरायचं कसं

समोर एक उभा, लांबट कागद. वर धुक्यात अर्धवट बुडालेला डोंगर, मधे दोन-चार वाकडी झाडं, खाली ओढा, आणि कुठेतरी कडेला गवताने शाकारलेलं एक खोपटं. असं जपानी चित्र पहिल्यांदा समोर आलं की आपण अर्धं मिनिट पाहतो, ‘किती शांत वाटतं’ म्हणतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. म्हणणं खोटं नसतं, पण ते घराच्या दारातूनच परत फिरण्यासारखं आहे. आत कुणी बसलं होतं, त्याच्याकडे कुणी निघालं होतं, चहाची वेळ होती की चंद्र उगवायची, यातलं काहीच आपल्याला कळलेलं नसतं.

अकराव्या शतकातला चिनी चित्रकार ग्वो शी याने डोंगर-पाण्याच्या चित्रांविषयी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. काही चित्रांतून चालत जावंसं वाटतं, काही नुसती पाहावीशी वाटतात, काहींत भटकावंसं वाटतं आणि काहींत राहावंसं वाटतं. शेवटची दोन त्याला श्रेष्ठ वाटत. जपानने शाईचं निसर्गचित्र चीनकडून घेतलं तेव्हा ही अपेक्षाही सोबत आली. एकांतातल्या कुटीचं चित्र थेट चौथ्या प्रकारचं. ते राहण्यासाठी काढलेलं असतं, म्हणून ते पाहायची रीतही थोडी वेगळी आहे. ती इथे पायरी-पायरीने सांगते. चित्रकलेचं शिक्षण लागत नाही, जपानी भाषा यायची गरज नाही. एका चित्राला वीस मिनिटं द्यायची तयारी मात्र हवी.

पायरी १: समोरची वस्तू काय आहे ते ओळखा

पुस्तकात किंवा मोबाइलवर सगळीच चित्रं सारख्या चौकटीत दिसतात, त्यामुळे इथेच पहिली चूक होते. यातली बहुतेक चित्रं ‘काकेजिकु’ असतात. चित्र कागदावर किंवा रेशमावर, त्याच्या चहूबाजूंनी विणलेल्या कापडाचे पट्टे, खाली एक गोल दांडा. काम झालं की गुंडाळायचं आणि लाकडी पेटीत ठेवून द्यायचं. काही चित्रं ‘ब्योबु’ म्हणजे घडीच्या पडद्यांवर असतात, काही सरकत्या दारांवर, तर काही तळहाताएवढ्या पानांच्या चित्रवहीत.

हे माहीत असलं की दोन गोष्टी बदलतात. काकेजिकु ही भिंतीवरची कायमची तसबीर नव्हे. घरातल्या ‘तोकोनोमा’ नावाच्या कोनाड्यात ती ऋतूप्रमाणे किंवा पाहुण्याप्रमाणे काही दिवस टांगायची आणि मग उतरवायची. शरदाचं चित्र शरदातच बाहेर यायचं. वर्षातले उरलेले महिने ते पेटीतल्या अंधारात. म्हणजे ज्यांच्यासाठी ते काढलं, त्यांनी ते दर वर्षी जणू नव्याने पाहिलं.

दुसरी गोष्ट उंचीची. पाहणारा तातामीच्या चटईवर मांडी घालून किंवा गुडघ्यांवर बसलेला असायचा. त्याची नजर चित्राच्या खालच्या भागावर पडायची आणि डोंगर त्याच्या डोक्यावर चढत जायचा. संग्रहालयात उभं राहून पाहताना आपण नेमके डोंगराच्या छातीशी असतो. बाकडं असेल तर बसा. नसेल तर दोन पावलं मागे सरकून थोडं वाका. मोबाइलच्या पडद्यावर पाहत असाल तर चित्र मोठं करून आधी त्याचा खालचा तिसरा हिस्साच समोर ठेवा. एवढ्याने फार फरक पडतो.

पायरी २: खालून आत शिरा

चित्राच्या तळाशी पाऊल ठेवता येईल अशी जागा शोधा. ती जवळजवळ नेहमीच असते. एखादा सपाट खडक, ओढ्याचा काठ, किनाऱ्याला लावलेली होडी, नाहीतर साकवाचं अलीकडचं टोक. कोकणात पावसाळ्यापुरता ओढ्यावर टाकतात तसाच तो साकव असतो, चार लाकडं आणि वर फळ्या. तो चित्रात उगाच नसतो. अलीकडे गाव, हिशेब, नोकरी, पलीकडे कुटी. तो ओलांडला की माणूस दुसऱ्या जगात आला, असं पाहणाऱ्याने धरायचं.

आता वाट धरा. ती थोडी वर जाईल आणि खडकामागे नाहीशी होईल. घाईने वरच्या डोंगराकडे उडी मारू नका, ती पुन्हा कुठे बाहेर येते ते पाहा. मधल्या न दिसणाऱ्या भागात तुम्ही स्वतःच चाललेले असता, आणि चित्रकाराला तेच हवं असतं. वाट सलग दाखवली असती तर आपण ती डोळ्यांनी एका क्षणात संपवली असती.

मग माणसं शोधा. ती फार लहान असतात, कधी तांदळाच्या दाण्याएवढी. ती सापडली की विचारा: हा कुठून कुठे चालला आहे? हातात काठी आहे का? मागे एखादा पोरगा कापडात गुंडाळलेलं लांबट काही घेऊन येतो आहे का? ते सात तारांचं चिनी वाद्य, छिन. मालक मित्राकडे निघाला आहे, तिथे पोचल्यावर वाजवणार आहे. एवढ्या एका गाठोड्यावरून पुढची संध्याकाळ समजते. कुटीच्या खिडकीतही पाहा. तिथे बहुधा कुणी वाचत बसलेला असतो, किंवा पुस्तक बाजूला ठेवून बाहेर बघत असतो. मी स्वतः सगळ्यात आधी फाटक पाहते. ते उघडं असेल तर कुणी यायचं आहे, आणि तो येणारा बऱ्याचदा चित्र पाहणारा असतो.

सरावासाठी पंधराव्या शतकातल्या सेश्शू या जपानी भिक्षू-चित्रकाराच्या दोन चित्रांहून चांगलं काही मला माहीत नाही. तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात त्याचा ‘शरद आणि हिवाळा’ हा जोड आहे. जपानने त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आहे. प्रत्येक चित्र जेमतेम ४८ सेंमी उंच आणि ३० सेंमी रुंद, म्हणजे भिंतीवरच्या दिनदर्शिकेएवढं. शरदाच्या चित्रात वाट खडकांमधून आत जाते आणि मधल्या टप्प्यावर दोन माणसं समोरासमोर बसलेली दिसतात. मागे छपरं, त्यांच्या मागे डोंगर. बोलायला वेळ आहे, हवा बरी आहे. मग शेजारचा हिवाळा पाहा. तिथे टोपी घातलेला एकटा माणूस वर चढतो आहे आणि चित्राच्या मधोमध कड्याची एक काळी उभी रेघ थेट आभाळात गेली आहे. त्या चित्रात कुणी रस्त्यात थांबून बोलणार नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली की ऋतू माणसांच्या वागण्यातून कसा दाखवतात ते कळतं.

वाट संपते तिथून पुढे नजर तीन तऱ्हांनी जाते, आणि हेही ग्वो शीनेच मांडून ठेवलं आहे. पायथ्यापासून शिखराकडे पाहिलं की उंची, समोरच्या डोंगरावरून मागच्या डोंगरांत डोकावलं की खोली, आणि जवळच्या टेकडीवरून दूरच्या रांगेकडे सपाट पाहिलं की विस्तार. एकाच चित्रात तिन्ही असू शकतात. म्हणून ‘यात दूरची वस्तू लहान का नाही’ असं वाटलं तर ती चूक समजू नका. चालणाऱ्याची नजर एका जागी खिळलेली नसते.

पायरी ३: हे घर कुणाचं, ते विचारा

आपण सहज धरून चालतो की चित्रकार डोंगरात राहत होता आणि त्याने समोरचं घर काढलं. हा समज सोडून दिला की ही सगळी चित्रं वेगळी आणि मला विचाराल तर जास्त हृद्य वाटू लागतात.

पंधराव्या शतकातल्या क्योतोचा विचार करा. तिथले मोठे झेन मठ हे गजबजलेले कारभार होते. तिथले विद्वान भिक्षू शोगुनच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याच्या, दरबारासाठी चीनशी होणाऱ्या पत्रव्यवहाराचे मसुदे लिहायचे, मठाचे हिशेब बघायचे, बढत्या-बदल्या सांभाळायचे. या भिक्षूंमध्ये एक चाल पडली. आपल्या अभ्यासिकेला डोंगर-ओढ्याचं एखादं नाव द्यायचं, तिचं चित्र काढून घ्यायचं आणि वरच्या कोऱ्या जागेत मित्रांकडून कविता लिहून घ्यायच्या. या चित्रांना ‘शोसाइ-झु’ म्हणजे अभ्यासिकेची चित्रं म्हणतात. त्यांतलं फार जुनं आणि नावाजलेलं चित्र १४१३ सालचं आहे. क्योतोच्या नानझेन-जी मठातल्या कोन्ची-इन या उपमठाकडे ते आहे आणि मिन्चो या भिक्षू-चित्रकाराचं मानलं जातं. ओढ्याच्या सावलीतलं छोटंसं घर, एवढाच विषय. ज्याच्यासाठी ते काढलं तो भिक्षू शहरातल्या मठातच राहत होता. त्यावर लिहिलेल्या प्रस्तावनेत हे मनातलं चित्र आहे असंच म्हटलं आहे.

म्हणजे हे घर नव्हतंच. ज्याला जाता येत नव्हतं त्याच्यासाठी ते कागदावर बांधलं गेलं. दिवसभराचं काम आटोपून तो भिक्षू त्या चित्रासमोर बसत असेल, आणि वरच्या एकेका कवितेत त्याचा एकेक मित्र त्या घरी येऊन जात असेल. या चित्रांना ‘निसर्गदृश्य’ एवढंच म्हणणं मला अपुरं वाटतं ते याचमुळे.

या सगळ्यांच्या मागे उभा असलेला मूळ माणूस चिनी कवी ताव युआनमिंग. चौथ्या-पाचव्या शतकातला. सरकारी हुद्दा अवघ्या ८० दिवसांत सोडून तो घरी परतला, शेती करू लागला. पूर्वेकडच्या कुंपणाशी शेवंती खुडताना सहज दक्षिणेचा डोंगर दिसला, असं त्याने एका कवितेत लिहिलं, आणि तेव्हापासून कुंपण व शेवंती ही त्याची खूण होऊन बसली. कुटीच्या कुडाजवळ शेवंती दिसली की चित्रकाराने त्याचं नाव घेतलं असं समजायचं. शेवंती शरदात फुलते, तेव्हा ऋतू आणि माणूस दोन्ही एका फुलात आले.

खरोखर कुटीत राहिलेलेही होते. कामो नो चोमेइ या भिक्षू-लेखकाने १२१२ मध्ये आपल्या कुटीचं वर्णन लिहिलं. ती जेमतेम तीन मीटर लांब-रुंद होती आणि सुटी करून हलवता येईल अशी होती. आणि चित्रकार उरागामि ग्योकुदो. ओकायामा प्रांताच्या इकेदा या सरदार घराण्याच्या एका शाखेकडे तो चाकरीला होता. १७९४ मध्ये, पन्नाशीला, दोन मुलांना घेऊन त्याने ती चाकरी सोडली आणि पुढची बरीच वर्षं छिन बरोबर घेऊन गावोगाव फिरला. त्याच्या चित्रांतली झोपडी म्हणूनच मला वेगळी वाटते. ती भिक्षूंच्या अभ्यासिकेइतकी नीटनेटकी नाही. डोंगर तिच्यावर लोटलेले असतात आणि माणूस एवढासा असतो की तो पोचेल की नाही याचीच काळजी वाटावी.

पायरी ४: शरद ओळखा, आणि इथे जरा जपून

मराठी डोळ्याची या पायरीवर हमखास गफलत होते. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस नुकताच सरलेला, डोंगर अजून हिरवे, गवत पिवळं पडायला लागलेलं, दुपारी ऑक्टोबरचं ऊन. आपल्या सह्याद्रीत पानगळ होते ती शिशिरात, पुढे माघ-फाल्गुनात. आणि लाल पान आपल्याकडे मुख्यतः कोवळ्या पालवीचं. कुसुंबाचं झाड चैत्राच्या आसपास पेटल्यासारखं लाल होतं ते नवी पानं फुटताना. जपानी चित्रातलं लाल पान मात्र गळायला निघालेलं असतं. आपल्याला जो रंग सुरुवातीचा, तो तिथे निरोपाचा. ही अदलाबदल मनात केली नाही तर चित्रातला मूड उलटा वाचला जातो. लाल झाडं बघून आपण उत्सव समजतो आणि कुटीतला माणूस मात्र गप्प का बसला आहे ते कळत नाही.

जुन्या पंचांगाप्रमाणे जपानचा शरद ऑगस्टच्या ७-८ तारखेच्या सुमारास लागतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतो. सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या शरदाच्या खुणा वेगवेगळ्या, आणि चित्रकार त्या काटेकोरपणे वापरतात.

सुरुवातीला गवतं आणि रानफुलं. जपानी कवितेत शरदाच्या सात वनस्पती ठरलेल्या आहेत. त्यांतली ‘सुसुकि’ तुम्हाला लगेच ओळखू येईल, कारण तिचे रुपेरी तुरे आपल्या नदीकाठच्या काशाच्या तुऱ्यांसारखेच वाऱ्यावर झुकतात. ‘हागि’ हे बारीक जांभळट फुलांचं झुडूप, ‘किक्यो’ हे निळं घंटेसारखं फूल. कुटीच्या अंगणात हे दिसलं तर पानं लाल व्हायला अजून अवकाश आहे.

मग चंद्र. शरदातला पूर्ण चंद्र त्यांच्या आठव्या चांद्रमासातला. आपल्या कोजागरीच्या तो सहसा महिनाभर आधी येतो, अधिक महिन्याचा हिशेब जुळला तर कधी त्याच रात्री. सुसुकिचे तुरे फुलदाणीत ठेवून त्या रात्री चंद्र बघत बसायचं, हे आटीव दूध पीत गच्चीवर बसणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. शाईच्या चित्रात चंद्र बहुधा रंगवत नाहीत. भोवतीचं आभाळ फिक्या शाईने मळवतात आणि चंद्राची जागा कोरी सोडतात. आभाळात रानहंसांची रांग दिसली तर ते उत्तरेकडून उतरत आहेत, थंडी मागोमाग आहे.

शेवटी ‘मोमिजी’, मेपलची लाल पानं. क्योतोत ती आजच्या हिशेबाने नोव्हेंबरच्या उत्तरार्धात ऐन भरात असतात.

रंग नसलेल्या, निव्वळ शाईच्या चित्रात शरद कसा ओळखायचा? फांद्या पाहा. उन्हाळ्यात झाड भरगच्च असतं, हिवाळ्यात उघडं. शरदात ते अर्धं असतं, पानांचे ठिपके विरळ आणि त्यांतून फांद्यांची हाडं दिसणारी. ओढा पाहा. पाणी उतरलेलं, खडक उघडे पडलेले. खिडक्या पाहा. उन्हाळ्याच्या चित्रात त्या सताड उघड्या आणि माणूस सैल बसलेला, शरदात त्याने अंग थोडं आवरून घेतलेलं. हे सगळं एकाच चित्रात मिळेलच असं नाही. दोन खुणा जुळल्या तरी पुरे.

आणि कधी कधी शरद दाखवायला लाल पान मुळीच नसतं. बाराव्या शतकाच्या अखेरीस फुजिवारा नो तेइका याने एक कविता केली. तिचा आशय असा: नजर टाकली तर ना फुलं दिसतात ना लाल पानं, खाडीकाठची गवताची झोपडी आणि शरदातली संध्याकाळ. १२०५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या राजदरबारी काव्यसंग्रहात ती आहे आणि शरदातल्या संध्याकाळच्या तीन नावाजलेल्या कवितांपैकी ती एक. फुलं नाहीत, पानं नाहीत, असं म्हणतानाच कवीने ती दोन्ही आपल्या डोळ्यांपुढे आणून पुसली. शाईची चित्रं नेमकं हेच करतात. राखाडी झाडासमोर थोडा वेळ बसलात की त्याचं लाल तुमचं तुम्हाला दिसू लागतं. नवशिक्याला हे पटत नाही. मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं, आणि ते ऐकून पटतही नाही, चित्रासमोर बसावं लागतं.

पायरी ५: शाईचा माग काढा

शाई म्हणजे काजळी आणि सरस. दिव्याची किंवा पाइनच्या लाकडाची काजळी सरसात मळून, साच्यात घालून वाळवतात आणि तिची कांडी होते. चित्रकार दगडी सहाणेवर थोडं पाणी घेऊन ती कांडी उगाळतो, आपण चंदन उगाळतो तसं. जितकं उगाळाल तितकी शाई गडद. या उगाळण्यातच हात आणि मन ठिकाणावर येतं असं चित्रकार सांगत आले आहेत. ज्याने देवासाठी गंध उगाळलं आहे त्याला ते कळेल.

चित्रात सगळ्यांत काळी जागा शोधा. ती बहुधा जवळच्या झाडाच्या बुंध्याशी किंवा खडकाच्या फटीत असते, आणि कुटीच्या आसपास असते. मग सगळ्यांत फिकी जागा शोधा, ती दूरच्या डोंगराच्या कडेला. या दोन टोकांमध्ये किती पायऱ्या आहेत ते मोजायचा प्रयत्न करा. एकाच शाईत पाच रंग असतात असं जुन्या चिनी चित्रकारांचं म्हणणं आहे.

त्यानंतर फटकारा ओला की सुका ते पाहा. सेश्शूच्या खडकांची रेघ जाड, कोनदार, हात न डगमगता ओढलेली. ग्योकुदोचा कुंचला बऱ्याचदा जवळजवळ कोरडा असतो आणि तो कागदावर पुन्हा पुन्हा घासल्यासारखा फिरतो, त्यातून पानं, धुकं आणि डोंगर एकमेकांत मिसळतात. डोंगर रंगवल्यापेक्षा लाल झाले आहेत अशा अर्थाच्या नावाचं त्याचं एक शरदातलं चित्र आहे. त्यात शाईच्या त्या झटापटीत तांबूस ठिपके विखुरले आहेत.

हा तांबूस रंग म्हणजे ‘ताइशा’, आपल्या भाषेत गेरू. तुळशीवृंदावनाच्या कट्ट्याला लावतो त्याच जातीची माती, फक्त बारीक दळून, सरसात कालवून, पाण्याने फार पातळ केलेली. तिच्या जोडीला नीळ. गेरूचा हलका हात आणि निळीची एखादी छटा, शरदाच्या कित्येक चित्रांत याहून जास्त रंग नसतो. जिथे गेरू लागला आहे तिथे बोट ठेवत जा (अर्थात पडद्यावर, खऱ्या चित्रावर नव्हे). ठिपके कुटीकडे येता येता दाट होतात की विरळ, ते पाहा.

पायरी ६: कोऱ्या जागेत थांबा

यावर फार लिहिलं जातं, मी थोडक्यात सांगते. रिकाम्या कागदाला जपानीत ‘योहाकु’ म्हणतात. तो रिकामा दिसला तरी दर वेळी काहीतरी असतो: इथे धुकं, तिथे पाणी, वर आभाळ. प्रत्येक कोऱ्या जागेला विचारा, तू काय आहेस? उत्तर तिच्या कडेला असतं. कडेला होडी असेल तर ती पाणी, झाडाचे शेंडे असतील तर धुकं. एकच कोरी जागा खाली पाणी आणि वर जाता जाता धुकं होते, ती नेमकी कुठे बदलली हे सापडत नाही. न सापडलं तरी चालेल.

पायरी ७: अक्षरं आणि शिक्के

वरचा मजकूर वाचता आला नाही तरी तो उजवीकडून डावीकडे आणि वरून खाली जातो एवढं ध्यानात ठेवा. एकाच हाताचा आहे की अनेकांचा, ते अक्षराच्या वळणावरून कळतं. अनेकांचा असेल तर ते मित्रांचं संमेलन आहे. चित्रावरच मैफल जमलेली आहे. लाल शिक्के हिंगुळाच्या लाल लेपाचे. सहीजवळचा शिक्का चित्रकाराचा, कोपऱ्यातले इतर बहुधा पुढच्या मालकांचे. शाईच्या करड्या जगात तो एवढासा लाल चौकोन लागतो तेव्हा कधी कधी वाटतं, उरलेलं एक पान तेच आहे.

पाहायला जायचं कुठे

घरबसल्या सुरुवात करायची तर जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांचं ‘कोलबेस’ हे संकेतस्थळ उत्तम. मोठ्या आकाराची छायाचित्रं विनामूल्य पाहता येतात, इंग्रजीतही शोधता येतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावरही जपानी गुंडाळीचित्रांचा मोठा साठा आहे.

जपानला जाणार असाल तर एक सूचना आधीच. कागद आणि रेशीम उजेडाने खराब होतात, म्हणून ही चित्रं वर्षातले थोडेच आठवडे मांडतात. नावाजलेलं चित्र अमुक संग्रहालयात आहे म्हणजे तुम्ही जाल त्या दिवशी ते भिंतीवर असेल असं नाही. जायच्या आधी त्या महिन्याचं प्रदर्शनपत्रक पाहा. नाव जुळलं नाही तर जे शरदाचं मांडलं आहे ते पाहा. ऋतूप्रमाणे मांडणी बदलायची प्रथा संग्रहालयंही पाळतात, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात रिकाम्या हाताने परतावं लागत नाही. ओकायामाचं प्रांतिक कलासंग्रहालयही या यादीत असू द्या. सेश्शूचा जन्म १४२० साली त्याच परिसरात झाला, ग्योकुदोही तिथलाच, आणि दोघांचीही कामं तिथे आहेत. लहानपणी मठात खांबाला बांधून ठेवलेल्या सेश्शूने पायाच्या अंगठ्याने स्वतःच्या आसवांत उंदीर काढला, आणि तो खरा वाटून गुरू दचकले, ही आख्यायिकाही ओकायामाजवळच्याच मठातली.

पुणेकरांना तर ओकायामा सिंहगड रस्त्यावरच भेटतं. तिथलं पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान, आणि त्याची प्रेरणा ओकायामाचं कोराकुएन हे ३०० वर्षांहून जुनं उद्यान. ते बांधून घेणारे इकेदा सरदार ग्योकुदोच्या मालकांच्या थोरल्या शाखेतले. सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत जा आणि फक्त वाटेकडे लक्ष ठेवून चाला. वळणावर पाणी कधी लपतं, पुलावरून काय उघडतं, कुठे आपोआप थांबावंसं वाटतं. दुसरी पायरी पायांनी शिकायची ही सगळ्यांत सोपी जागा आहे.

आणि पहिलं चित्र कोणतं निवडायचं

सेश्शूपाशी सराव झाला की माझं मत एका लहानशा चित्रवहीला. १७७१ साली क्योतोच्या दोन चित्रकारांनी ती मिळून केली: इके नो ताइगाने कुटीतल्या दहा सोयी काढल्या, योसा बुसोनने दहा आनंद. बुसोन हा हायकूचा थोर कवीही. प्रत्येक पान जेमतेम १८ सेंमी चौरस. ही वही पुढे कादंबरीकार यासुनारी कावाबाता यांच्या संग्रहात आली, आज ती त्यांच्या नावाच्या संस्थेकडे आहे आणि राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदलेली आहे.

या सोयी आणि आनंद ज्या कवितांवरून काढले त्या मूळच्या सतराव्या शतकातल्या ली यू या चिनी नाटककाराच्या. डोंगरातल्या त्याच्या घरी आलेला पाहुणा म्हणाला, इथे शांत आहे खरं, पण गैरसोय किती! त्यावर त्याने सोयींची यादीच कवितेत दिली. पाणी भरायची सोय, धुण्याची सोय, सरपणाची सोय. मासेमारीची सोय तर अशी की ना इरलं लागतं ना होडी, पूर्वेच्या खिडकीत बसून गळ टाकायचा. आपल्या गावाकडच्या कुठल्याही आजीला हे सगळं आनंदाने सांगता येईल.

बुसोनच्या दहा आनंदांत चार ऋतू आहेत. त्यातलं शरदाचं पान आधी उघडा. आतापर्यंतच्या पायऱ्या करा: तळाशी पाय ठेवायची जागा, वाट, कुटी, गेरू, कोरी जागा. अक्षरं सगळ्यांत शेवटी. त्या पानाच्या कवितेत फाटकाबाहेर जरीच्या पडद्यांची रांग लागली आहे आणि हजार रानांची जुनी हिरवाई उरलेली नाही. नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी शेवंतीच्या सणाची दारू डोंगरांवर शिंपडली, तेव्हापासून ते जे लालबुंद होऊन पडले आहेत, ते काही जागे व्हायला तयार नाहीत.